डॉल्फिन दिसले नाहीत तरी

डिसेंबरचा शेवटचा आठवडा, सकाळचे आठ. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते त्या तोंडातून होड्या एकामागून एक बाहेर पडत असतात. प्रत्येकीत केशरी जॅकेटं चढवलेली माणसं, मागे आउटबोर्ड इंजिनाची घरघर. दूर कुठेतरी एक करडी पाठ पाण्यावर येते, तिच्यावरचा फुगवटा आणि बुटका पर क्षणभर दिसतो आणि पाठ पुन्हा खाली जाते. ‘तो बघा, तो बघा!’ तोवर चारही बाजूंच्या होड्यांच्या नाळा तिकडे वळलेल्या असतात. इंजिनं एकदम चढतात, इंधनाचा वास पसरतो, मोबाइल धरलेले हात वर होतात. पाठ आता दुसरीकडेच वर येते आणि सगळा जथा तिकडे धावतो. तासाभरात होडी परत किनाऱ्याला लागते, कारण वाळूत पुढची गिऱ्हाइकं उभी असतात. मोबाइलमध्ये बरंच पाणी चित्रित झालेलं असतं.

मालवण, तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती या पट्ट्यात गेल्या दोन-अडीच दशकांत वाढलेला ‘डॉल्फिन दर्शना’चा धंदा ऐन हंगामात असा चालतो. त्यावर तुटून पडणं सोपं आहे. पुण्या-मुंबईहून येऊन असं तुटून पडणारे पुष्कळ असतात आणि त्यांतले निम्मे त्याच होडीतून नुकतेच उतरलेले असतात. मला या धंद्यात वेगळीच गफलत दिसते. इथे होडीवाला समुद्र विकत नाही, डॉल्फिन विकतो. जे त्याच्या हातात नाही त्याची हमी देऊन पैसे घेतो, आणि एकदा हमी दिली की पाठलाग आलाच. हाच किनारा एका तासाऐवजी एका दिवसात पाहिला, तर यातलं बरंचसं आपोआप सुटतं. म्हणून निवतीहून एका मासेमाराची होडी दिवसभरासाठी ठरवली. अट एकच घातली, कशाच्याही मागे लागायचं नाही. तांडेलाने आधी नीट निरखून पाहिलं. बहुधा पैसे बुडवणारं गिऱ्हाईक वाटलं असावं.

निघायचं ते उजाडताना. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि किनाऱ्याजवळचं पाणी सपाट ठेवतो. दुपारी वारा फिरतो, समुद्राकडून जमिनीकडे येऊ लागतो आणि पाण्यावर लाटांची किरकिर सुरू होते. सपाट पाण्यावर वर आलेली पाठ अर्ध्या किलोमीटरवरूनही ओळखता येते. लाटा उठल्या की पन्नास मीटरवरची हुकते. डॉल्फिन दिसण्याचं अर्धं शास्त्र एवढंच आहे. अकरा वाजता उठून, घावणे-चटणी खाऊन धक्क्यावर येणाऱ्यांना ते कुणी सांगत नाही, कारण अकराची होडीही भरायची असते.

निवतीच्या किल्ल्याखालची काळी खडपं उजवीकडे ठेवून आम्ही आधी उत्तरेला, भोगव्याच्या अंगाने कर्लीच्या तोंडाकडे गेलो. इथला डॉल्फिन आहे हिंदी महासागरी कुबडवाला डॉल्फिन, शास्त्रीय नाव सूसा प्लंबिया. पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर छोटा पर, हीच त्याची खूण. मोठा नर अडीच मीटरच्या पुढे जातो. चित्रपटात उसळ्या मारतात ते डॉल्फिन वेगळे. हा शांतपणे श्वास घ्यायला वर येतो, पाठीची कमान करतो आणि खाली जातो. महत्त्वाचं म्हणजे तो किनाऱ्याचा प्राणी आहे. त्याचं जगणं साधारण वीस-पंचवीस मीटर खोलीच्या आतल्या पाण्यात, किनाऱ्यापासून काही किलोमीटरच्या पट्ट्यात चालतं. खाडीच्या तोंडाशी त्याचा राबता जास्त, कारण नदीचं गढूळ पोषक पाणी समुद्रात शिरतं तिथे मासळी जमते. मासळीसाठी डॉल्फिन येतो, मासळीसाठीच जाळीही तिथेच पडतात, आणि पर्यटकांना नदीचं शांत तोंड सोयीचं म्हणून होड्याही तिथूनच सुटतात. आतला खोल समुद्र त्याला मानवत नाही, त्यामुळे तो तिकडे निघून जाऊ शकत नाही. गर्दी झाली तर त्याला जायला दुसरी जागा फारशी नसते, हे फार थोड्या पर्यटकांना ठाऊक असतं.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत 2017 पासून ही जात ‘धोक्यात’ या वर्गात आहे. तिची प्रजननाची गती पाहिली की कारण कळतं. मादी साधारण दहाव्या वर्षाच्या सुमारास वयात येते, वर्षभराच्या आसपास गर्भ वाढवते, एका वेळी एकच पिल्लू देते आणि पुढचं पिल्लू व्हायला साधारण तीन वर्षं जातात. पिल्लू दोन-दोन वर्षं आईला चिकटून असतं. एका हंगामात जाळ्यात अडकून दोन-चार माद्या मेल्या, तर लहान कळपाला ती खोट भरून काढायला दशक लागतं.

कर्लीच्या तोंडापासून जरा अलीकडे तांडेलाने इंजिन बंद केलं. होडी पाण्याबरोबर हलत राहिली. पहिली काही मिनिटं अवघड जातात, कारण काहीच घडत नाही आणि आपण काहीतरी घडावं म्हणून पैसे दिलेले असतात. मग डाव्या हाताला फुस्स असा आवाज झाला. इंजिनाच्या आवाजात हा श्वास कधीच ऐकू येत नाही. चार-पाच पाठी, त्यांतली एक लहान आणि फिकट, मोठीच्या अगदी कडेला. ते आमच्याकडे आले नाहीत आणि आमच्यापासून पळालेही नाहीत. मासळी जशी सरकत होती तसे ते किनाऱ्याला समांतर खालच्या अंगाला सरकत गेले. एकदा होडीपासून वीसेक मीटरवर वर आले, ते त्यांच्या मर्जीने.

‘‘इंजिन बंद केला तर आपसूक येतत,’’ तांडेल म्हणाला. ‘‘पाठी लागलास तर खंय जातले ता कळाचा नाय.’’

मग रोज सगळे पाठी का लागतात?

‘‘पर्यटक पयला इचारतत, डॉल्फिन गावतले मा? नाय म्हटला तर बाजूच्या होडयेत जावन बसतत.’’

या एका वाक्यात धंद्याचं सगळं अर्थशास्त्र आलं. होडीवाला क्रूर नसतो. त्याची बाजूच्या होडीशी स्पर्धा असते, आणि ती आपण लावलेली असते.

पाठलागाने डॉल्फिनचं नेमकं काय बिघडतं? गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडा. डॉल्फिन बारीक टिचक्यांसारखे आवाज सोडतो आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे, खडक कुठे, पिल्लू कुठे हे ताडतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. आठ-दहा आउटबोर्ड इंजिनं एकाच वेळी भोवती फिरू लागली, की त्याला आपलाच प्रतिध्वनी ऐकू येणं कठीण होतं. शिकार सुटते, विसावा मोडतो, आई-पिल्लाची चुकामूक होऊ शकते. पंख्याच्या पात्याची जखम हा वरचा धोका. एखाद्या दिवशी हे घडलं तर फरक पडत नाही. नोव्हेंबर ते मे रोज सकाळी घडलं तर पडतो.

कायदा या बाबतीत मोघम नाही. भारतीय सागरी हद्दीतले सगळे डॉल्फिन आणि देवमासे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. त्या कायद्यात शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही. वन्यप्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणं हेही तिच्यात बसतं. जंगलात जिप्सीतून वाघामागे असं धावलं, तर गाइडचं नाव यादीतून कटतं. समुद्रात तेच ‘दर्शन’ म्हणून पावतीवर लिहिलं जातं. डॉल्फिन पाहण्याचे नियम जगभर साधारण एकसारखे आहेत आणि अवघडही नाहीत. पन्नास मीटरच्या आत जायचं नाही, समोरून वा मागून न जाता बाजूने समांतर राहायचं, कळपाच्या मध्ये शिरायचं नाही, वेग एकदम वाढवायचा-कमी करायचा नाही, एका कळपापाशी दोन-तीनपेक्षा जास्त होड्या नकोत आणि पिल्लू असेल तर लवकर निघायचं. किनाऱ्यावर हे ज्यांना सर्वांत आधी पटतं ते मासेमारच असतात. डॉल्फिन कसा वागतो हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

अर्थात, मासेमार आणि डॉल्फिन यांचं नातं प्रेमाचंच आहे असं मानायचं कारण नाही. डॉल्फिन जाळ्यातला बांगडा ओढून खातो, जाळं फाडतो. मोठी मासळी आधीच कमी झाली आहे. पारंपरिक मच्छीमार आणि मोठ्या पर्ससीन जाळ्यांचे बोटवाले यांचा झगडा मालवणात वर्षानुवर्षं धुमसतो आहे. राज्य सरकारने 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्राने 2017 मध्ये एलईडीच्या उजेडावरच्या मासेमारीला बंदी केली, तरी रात्री क्षितिजावर दिवे दिसल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. रापणीच्या जाळ्याला पेडवे लागेनासे झाले तेव्हा गाबीत मच्छीमारांच्या वाड्यांतल्या पोरांनी होडीला छत लावलं आणि पर्यटक बसवले. त्यात गैर काही नाही. फाटलेल्या जाळ्याबद्दल मात्र एक चांगली गोष्ट झाली. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडला, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने 2018 मध्ये आणली. कासवं, डॉल्फिन, देवमुशी यांना तिने जीवदान मिळालं आहे. आमच्या तांडेलाला ती माहीत होती आणि अर्जासाठी फोटो कसा काढायचा हेही.

उलट, वरून आलेल्या संरक्षणाचं काय होतं ते मालवणनेच दाखवलं आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा सुमारे 29 चौरस किलोमीटरचा समुद्र 1987 मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. किल्ल्याच्या आणि पद्मगडाच्या परिसरातल्या खडकांवर प्रवाळ आहेत, त्यांच्यासाठी ते योग्यच होतं. पण मच्छीमारांना विचारण्याआधी नकाशावर रेघ ओढली गेली. विरोध झाला, तो दशकं टिकला, आणि अभयारण्य मोठ्या अंशी कागदावर राहिलं. त्या रेघेच्या आत आज स्नॉर्कलिंग करणारे प्रवाळांवर पाय देऊन उभे राहतात.

नऊच्या सुमारास होडी नैऋत्येला वळली. निवतीपासून काही मैलांवर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स हा खडकांचा पुंजका आहे. एकावर दीपगृह, तर नकाशात ‘बर्न्ट आयलंड’ असं नाव असलेला दुसरा एक खडक पक्ष्यांचा. वाटेत तरंगत्या काटकीजवळ एक ऑलिव्ह रिडले कासव डोकं वर काढून श्वास घेत होतं, आम्हाला पाहून सावकाश खाली गेलं. कुरव पक्ष्यांचा एक थवा मासेमारी आटपून परतणाऱ्या बोटीच्या मागे घिरट्या घालत होता. हे हिवाळी पाहुणे आहेत. उन्हाळा लागला की उत्तरेला परततात.

या बेटांवर पक्ष्यांचे अभ्यासक दीडशे वर्षांपासून येत आहेत. अ‍ॅलन ह्यूम 1875 मध्ये लक्षद्वीपच्या सफरीच्या सुमारास इथे येऊन गेला. पुढे दहा वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तोच हा ह्यूम. हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचा त्याचा संग्रह तेव्हा जगात अजोड होता. 1940 च्या दशकात हुमायून अब्दुलालींनी इथल्या सुरय आणि पाकोळ्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. सुरय पक्षी इथे उघड्या कातळावर अंडी घालतात. पाकोळी मात्र गुहेत राहते, आणि तिच्या गुहेची गोष्ट थांबून ऐकण्यासारखी आहे.

ही पाकोळी चिमणीएवढी, काळपट तपकिरी. दिवसभर हवेत किडे पकडते आणि रात्री बेटाच्या पोटातल्या अंधाऱ्या गुहेत शिरते. अंधारात दिशा कळावी म्हणून तीही टिकटिक आवाज करून प्रतिध्वनी ऐकते. म्हणजे पाण्याखाली डॉल्फिन जे करतो तेच ही गुहेत करते. पक्ष्यांमध्ये ही कला फारच थोड्यांकडे आहे. गुहेच्या उभ्या भिंतीवर ती आपल्या लाळेने वाटीसारखं घरटं चिकटवते. लाळ वाळून घट्ट होते, आणि हीच लाळ तिच्या मुळावर आली. चीन आणि आग्नेय आशियात या घरट्यांचं सूप हे श्रीमंतांचं पक्वान्न. त्यासाठी वेंगुर्ल्याच्या गुहेतून घरटी खरवडून नेली जात होती. या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने ही चोरी उजेडात आणली, वनखात्याला जागं केलं आणि विणीच्या काळात राखण सुरू झाली. याच संस्थेने 2002 पासून वेळासला कासवांची घरटी राखायला सुरुवात केली होती. पुढे भाऊ काटदरेंच्या पुढाकाराने कासव महोत्सव सुरू झाला, आणि त्या धर्तीवर सिंधुदुर्गात वायंगणीसारखी गावंही उभी राहिली. पिल्लं वाळूतून निघून पाण्याकडे जाताना गावकऱ्यांनी आखलेल्या दोरीच्या मागे उभं राहून लोक पाहतात. त्या दोरीचा अपमान झाल्याचं कुणालाच वाटत नाही. समुद्रातल्या पन्नास मीटरांनाही तशीच दोरी मानायला हरकत नसावी.

बर्न्ट आयलंडवर आम्ही उतरलो नाही. उतरायचं नसतंच. होडी बरीच बाहेर ठेवली तरी गुहेच्या तोंडातून आतबाहेर करणाऱ्या पाकोळ्या दिसतात. दुर्बीण हवी, आणि डोळे वर ठेवून मान दुखवून घेण्याची तयारी. होडीवरच शिदोरी सोडली. भाकरी, सुकटाची चटणी आणि तांडेलाच्या घरची सोलकढी. सोलकढी हलत्या होडीत सांडते, तरी आणावी.

याच निवतीच्या खडकांजवळ नौदलातून 2024 मध्ये निवृत्त झालेलं ‘गुलदार’ हे जहाज बुडवून पाण्याखालचं संग्रहालय उभारण्याची सरकारची योजना आहे. जुनं जहाज नीट साफ करून बुडवलं तर त्यावर खरंच सजीवांची वसाहत होते, मासळी वाढते. पण त्याबरोबर वाढणाऱ्या होड्या कुठून जाणार, किती जाणार आणि किती वेगाने, याचा आराखडा जहाजाच्या आधी तयार व्हायला हवा. नंतर तो कधीच तयार होत नाही, हा देवबागचा अनुभव आहे.

दीड वाजता वारा फिरला. परतीला होडी आपटू लागली. किनाऱ्याजवळच्या सुरूच्या उंच शेंड्यावर समुद्रगरुडाचं काटक्यांचं अवाढव्य घरटं दिसलं आणि त्याच्या कडेला पांढऱ्या पोटाचा पक्षी बसलेला. हे घरटं ते वर्षानुवर्षं वापरतात, दर हंगामात काटक्या वाढवत जातात. तांडेलाच्या आठवणीत ते त्या जागी कायमच आहे.

या बाहेरच्या पाण्यात आणखीही कोण कोण असतं. 2015 च्या उन्हाळ्यात कुणकेश्वरजवळच्या समुद्रात संशोधकांना निळा देवमासा आणि त्याचं पिल्लू दिसलं होतं. पृथ्वीवर आजवर झालेला हा सर्वांत मोठा प्राणी. आणि किनाऱ्यालगतच पाठीवर पर नसलेली लाजाळू शिंशुक राहते. इंजिनाचा आवाज आला की ती दूर जाते, त्यामुळे डॉल्फिनच्या होडीतून ती सहसा दिसत नाही. सिंधुदुर्गात या सगळ्यांचा पद्धतशीर अभ्यास ‘कोकण सिटेशियन रिसर्च टीम’च्या तरुण संशोधकांनी केला आहे. परांवरच्या खाचा आणि ओरखडे यांचे फोटो जुळवून एकेक डॉल्फिन ओळखायचा, असं हे किचकट काम. त्यांच्याही होड्या इथल्याच मच्छीमारांच्या.

दिवसाचा शेवट खाडीत करावा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ या महिला बचत गटाने कांदळवन सफर सुरू केली आहे. वल्ह्याची होडी, इंजिन नाही, वल्हवतात बायका. मासळी विकणाऱ्या आणि कालवं काढणाऱ्या या बायकांना खाडी घराच्या परसासारखी पाठ आहे. कांदळाची कुठली जात कुठे, तिच्या मुळांत कुठली पिल्लं वाढतात, खंड्या कुठल्या फांदीवर बसेल हे त्या सांगतात. इथे कुणी कशाचीही हमी देत नाही. तरी लोक खूश होऊन जातात, दुसऱ्यांना सांगतात, आणि होड्या भरतात. म्हणजे हमीशिवाय धंदा चालतो, हे याच तालुक्यात सिद्ध झालेलं आहे.

सुरक्षेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट बुडून दोघांचा जीव गेला. जॅकेट अंगात हवं आणि त्याचे बंद लावलेले हवेत. होडीत क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त दिसला तर उतरा. परवान्याचा कागद मागायला लाजू नका. मेअखेरीनंतर पावसाळा संपेपर्यंत कुणी होडी न्यायला तयार झाला, तरी जाऊ नका.

आणि या दिवाळीच्या सुट्टीत सिंधुदुर्गात गेलात, तर एकच करा. चार कुटुंबं मिळून दिवसभराची होडी घ्या, पहाटे निघा, दुर्बीण घ्या. बसण्याआधीच तांडेलाला स्पष्ट सांगा, ‘डॉल्फिन दिसले नाहीत तरी पैसे पूर्ण देऊ, पण कुणाच्या मागे जायचं नाही.’ आणि दिसले नाहीत, तर ते पैसे खरोखर पूर्ण द्या.